तात्यांचा कोंडवाडा

लहानपणी आमच्या घरात काचेची खोली होती आणि तिच्यात बाग होती असं सांगितलं की ऐकणाऱ्यांचे चेहरे उजळतात. त्या काळात, आणि बारामतीत, असं नवलानं विचारतात. परवा इंदूवहिनीच्या तेराव्याला इंदापुरात जमलो होतो, तिथंही हा विषय निघालाच. पानं मांडायला अवकाश होता आणि लांबच्या नात्यातले एक गृहस्थ चारचौघांना सांगत होते की तात्यांसारखा हौशी माणूस पुन्हा झाला नाही, विलायतेतली फुलं त्यांनी आपल्या मातीत फुलवली. मी उठून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. मला झाडांचं वावडं आहे. नात तिच्या गच्चीतल्या कुंड्यांना खताचं पाणी घालते त्या दिवशी मी माझ्या खोलीचं दार लावून बसते. तिला वाटतं, म्हातारपणी नाक चिडचिडं होतं. म्हातारपणाचा त्यात काही संबंध नाही.

तात्या म्हणजे माझे वडील. बारामतीच्या कोर्टात वकिली करत. कॉलेजात असताना पुण्याला कुणा गोऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यात त्यांनी काचेची खोली पाहिली होती, आणि आमचं नवं घर बांधायला निघालं तेव्हा दक्षिणेच्या पडवीला काचा लावायच्या हे त्यांनी आधी ठरवलं, स्वयंपाकघर कुठं असावं हे नंतर. काचा दौंडहून येणाऱ्या छोट्या गाडीनं आल्या, पेंढ्यात गुंडाळून. आमच्याकडे बागकामाला सणसरचा निवृत्तीबुवा होता. त्यानं हमालांकडून त्या उतरवून घेतल्या आणि खोली उभी राहिल्यावर आत एक फेरी मारून घाम पुसत बाहेर आला. "वकीलसायेब, हितं मानसाला सावली गावंना, आन तुमी ऊन कोंडून ठिवताय व्हय?" तात्या हसले. म्हणाले, "याला कॉन्झर्व्हेटरी म्हणतात, निवृत्ती." निवृत्तीबुवानं तो शब्द दोनतीनदा तोंडात घोळवला आणि शेवटी त्याचा 'कोंडवाडा' केला. गावात खरा कोंडवाडा होता, मोकाट गुरं डांबायचा. आठवड्याच्या बाजारात लोक निवृत्तीबुवाला विचारू लागले, "वकिलांनी कोंडवाडा काढलाय म्हनं? किती गुरं हायती?" तो सांगायचा, "गुरं न्हाईत, पाला हाय. पर गुरांपरीस जास्त खातो."

खाण्याचं ते खरं होतं. आत बेगोनिया होते, नेचे होते, रंगीत पानांचे क्रोटन आणि कोलियस होते. कलकत्त्याहून यादी यायची, तात्या तिच्यावर खुणा करायचे. उन्हाळ्यात काचांना चुन्याचा हात द्यायचा, वाळ्याचे पडदे सोडायचे, दिवसातून तीनदा विहिरीचं पाणी शिंपडायचं. मग त्या खोलीत असा कोंदट, ओला उबारा धरायचा की दार उघडताच तोंडावर कुणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटे. नेच्यांच्या बुडाशी बुळबुळीत शेवाळ असे. क्रोटनच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण कापसासारखा साचे आणि चिरडला की बोटाला गुलाबी चिकट पाणी लागे. गोगलगायी वेचायचं काम माझ्याकडे होतं. कडुनिंबाच्या काडीनं एकेक सोडवायची आणि राखेच्या डब्यात टाकायची, मग त्या राखेत फेसाळत. हे आटोपून मला जेवायला बसावं लागे. तात्या दुधात भिजवलेल्या फडक्यानं पानं पुसत आणि पुसताना त्यांच्याशी बोलत. "काय गं, आज रुसलीस?" असं एका बेगोनियाला विचारताना मी त्यांना ऐकलं आहे. हा आवाज त्यांनी आईशी बोलताना कधी वापरला नाही, आमच्याशीही नाही.

पण सगळ्यात वाईट होती पेंडीची खोली. काचेच्या खोलीला लागून, पूर्वी जिथं पडवीचं टोक होतं तिथं, एक अंधारी खोली राहिली होती. तिच्यात दोन मोठी पिपं होती. शेंगदाण्याची पेंड पाण्यात भिजवून आठआठ दिवस आंबवायची, वर साय धरली, बुडबुडे येऊ लागले की गाळून कुंड्यांना घालायची. कोपऱ्यात एक पोतं होतं, त्यात हाडांचा चुरा. आईला ते 'विलायती खत' म्हणून सांगितलेलं. त्या खोलीच्या वासाला मला शब्द सापडलेला नाही. नासलेलं दूध, मेलेली घूस आणि वर शेंगदाण्याचा तेलकट गोडवा. तो गोडवाच असह्य होता. आजही जेवताना कुणी दाण्याची चटणी पानात वाढली तर मी पान सरकवते.

आणि आमच्या घरातल्या बायका महिन्याचे चार दिवस त्या खोलीत बसत. पूर्वी पडवीच्या टोकाला बसत, पण पडवीची झाली काचेची खोली, तेव्हा बाहेर बसायला दुसरी जागा उरली नव्हती. तात्या सभेत भाषणं करत, शिवाशिव हा आपल्या समाजाला लागलेला रोग आहे म्हणत, टाळ्या घेत. घरात मात्र ही व्यवस्था कशी झाली असं विचारलं तर म्हणत, "तो तुमच्या आईचा प्रांत." आई म्हणे, "घर त्यांनी बांधलं, मी काय करू?" दोघांच्या मध्ये ती दोन पिपं खदखदत होती. बसलेलीला उंबऱ्याबाहेरून भाकरी वरून टाकायची, पिठलं वरून वाढायचं. पेंडीवरची चिलटं त्या पिठल्यावर बसत.

इंदूवहिनी माझ्या दादाची बायको, इंदापूरची. दादा पुण्याला कायद्याच्या परीक्षेला बसत होता आणि ती आमच्याकडे होती, असेल सतरा वर्षांची. मी तेरा. चारचौघांत ती मला रीतीप्रमाणे 'वन्सं' म्हणे, एकटं असलो की 'शकू'. माहेरून तिनं एक ट्रंक आणली होती, तिच्यात लुगडी थोडी आणि पुस्तकं जास्त. सासूबाईंपुढं तिचा आवाज निघत नसे, पण पुस्तक वाचायला लागली की निरनिराळ्या माणसांचे निरनिराळे आवाज काढी. तिच्या चार दिवसांत मी गोगलगायी वेचायच्या निमित्तानं काचेच्या खोलीत जाई. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक दार होतं, कडी माझ्या बाजूला. मी अलीकडे बसे, ती पलीकडे दाराला पाठ लावून वाचून दाखवी. पहिल्यांदा मी विचारलं होतं, "वहिनी, तुला वास येत नाही?" ती म्हणाली, "येतो की. म्हणून तर मोठ्यानं वाचते. तोंडानं श्वास घेता येतो." मग हसली. "राजकन्येला ओकारी येते असं कुठल्याच पुस्तकात लिहीत नाहीत बघ."

त्या वर्षी जिल्ह्याचे कोणी बडे साहेब दौऱ्यावर येणार होते आणि आमच्या घरी चहाला यायचं त्यांनी कबूल केलं होतं. तात्यांनी महिनाभर आधी सगळं बेगोनियांवर लावलं. खताचं पाणी दुप्पट, विहिरीचं पाणी दुप्पट. निवृत्तीबुवा नको म्हणत होता. "वकीलसायेब, पानी लई होतंय. आमच्या सनसरच्या रानाला पाट आला तवा आमी असंच केलं. पानी फुकट गावतंय म्हनून वतत बसलो. दोन सालांत भुईला मीठ फुटलं, काय उगवंना." तात्या म्हणाले, "ती शेती. ही बागाईत वेगळी. गप राहा." निवृत्तीबुवा बादल्या घेऊन विहिरीकडे गेला.

याच आठवड्यात मी पहिल्यांदा बाहेरची झाले. काय झालं ते मला कळत होतं, वहिनीनं आधी सांगून ठेवलं होतं. सकाळी गोठ्यामागं मला ते कळलं आणि पहिली गोष्ट डोळ्यांपुढं आली ती पिपावरची साय. वहिनी आदल्याच दिवशी त्या खोलीत बसली होती, म्हणजे तिच्या सोबतीनं चार दिवस निघाले असते. पण मला ते सुचलं नाही. मला एवढंच वाटलं की तो वास माझ्या केसांत बसेल आणि कधी जाणार नाही. मी आईची जुनी चिंधी चोरली, विहिरीवर सगळ्यांच्या आधी जाऊन धुतली, सरपणाच्या ढिगामागं वाळत घातली. कुणाला पत्ता लागला नाही. रोजच्यासारखी स्वयंपाकघरात वावरले, देवापुढं फुलं ठेवली, आणि झाडांना पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी दारापलीकडून म्हणाली, "आज डोळे चुरचुरतायत, तूच वाच." मी कडी काढली. तिनं फटीतून पुस्तक दिलं, मी घेतलं, कडी लावली आणि कुंड्यांच्या फळीवर बसून तिला वाचून दाखवलं. एवढ्यात आईची हाक आली. मी पुस्तक तिथंच, एका नेच्याच्या मागं ठेवलं आणि धावले.

तिसऱ्या दिवशी बेगोनियांनी माना टाकल्या. एक नाही, सगळ्यांनी. पानांच्या कडा करपल्या होत्या आणि देठ बुडाशी काळे, मऊ पडले होते. बोट लावलं की गळून पडत आणि आतून कुजका रस निघे. तात्या कोर्टाचा कोट घालून खोलीत उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझी धाकटी बहीण गोवरात गेली तेव्हा मी ते पाणी पाहिलं नव्हतं.

आई दारातून म्हणाली, "कुणीतरी शिवलं असणार. लोणचं नासतं तसंच हे." मला वाटलं तात्या आता तिला झिडकारतील, सभेतलं काहीतरी बोलतील. ते वळले आणि त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कोण बसलंय सध्या?"

मग ते पुस्तक सापडलं. आतल्या पानावर वहिनीचं माहेरचं नाव होतं.

मधलं दार उघडलं. वहिनी पिपाच्या बाजूला उभी राहिली, पदर डोक्यावर, अंगावर तीन दिवसांचं लुगडं. निवृत्तीबुवा बाहेर ओट्यावर होता, तो तिथूनच म्हणाला, "वकीलसायेब, त्या पोरीला कशापायी... ह्ये पान्यानं झालंय, म्या सांगितलं व्हतं." तात्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"तू या खोलीत आली होतीस?"

"नाही, मामंजी."

"हे पुस्तक कुणाचं?"

"माझं. पण मी आत नाही गेले."

"मग पुस्तक पायांनी चालत आलं?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अजून भीती नव्हती. उलट थोडं हसू होतं, आता सुटलोच असं. "वन्सं, सांगा ना," ती म्हणाली. "मी तुम्हाला दिलं ते."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की पुस्तक मी घेतलं. त्यावर आई ओरडली असती, बाहेरचीच्या हातचं घेतलंस म्हणून आंघोळ घातली असती. पण आंघोळ घालताना तिला कळलं असतं. आणि आपण बेगोनियांना शिवलो, पाणी घातलं, ते मेले, यावर माझा तेव्हा पक्का विश्वास होता. माझ्या हातांची मला किळस येत होती. ते हात मी पाठीमागं धरले होते.

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

वहिनीचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच राहिलं, तिला उमगेपर्यंत.

तात्या वकील होते. ते ओरडले नाहीत. "झाडांचं सोडा," ते आईला म्हणाले. "विटाळबिटाळ मी मानत नाही. पण ती तोंडावर खोटं बोलते, आणि वर लहान मुलीला खोट्यात ओढते. हे या घरात चालणार नाही. काही दिवस माहेरी राहू दे." आई म्हणाली, "इंदापूरकरांनी पोरीला पुस्तकं दिली, वळण द्यायचं राहिलं." चौथ्या दिवशी वहिनीनं न्हाऊन ट्रंक भरली. निवृत्तीबुवा तिला इंदापूरच्या सर्व्हिस मोटारीत बसवून आला. मी माडीवर होते. खाली आले नाही.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी साहेबांसाठी कुंड्यांतली माती बदलायला काढली. निवृत्तीबुवानं एक कुंडी पालथी केली, मातीचा गड्डा बाहेर आला, त्याच्या बाजूंनी आणि वर पांढरी खरपुडी धरलेली. त्यानं नखानं थोडी खरवडून जिभेवर ठेवली. मग तोच तुकडा तात्यांपुढं धरला. "बघा." तात्यांनी बघितला, आणि मला आश्चर्य वाटलं, त्यांनी जिभेला लावला. त्यांचं तोंड वाकडं झालं. ते रुमालात थुंकले, रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"मीठ हाय का न्हाय?" निवृत्तीबुवा म्हणाला.

"माती बदल," तात्या म्हणाले.

मी कुंड्या पुसत होते. मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं. मी मारलं नव्हतं, वहिनीनं मारलं नव्हतं, कुणाच्याच शिवण्यानं काही झालं नव्हतं. आता तिला आणायला माणूस जाईल. जेवताना आईनंच विचारलं, "मग इंदूला बोलवायचं ना?" पानात तांदळाची खीर होती, मला आठवतं, जायफळ घातलेली. तात्यांनी वाटी संपवली. "झाडांचा प्रश्न नव्हताच," ते म्हणाले. "ती खोटं बोलली, हा प्रश्न आहे. ते काही मातीनं बदलत नाही." आणि आणखी खीर मागितली.

म्हणजे आता सगळं एका शब्दावर आलं होतं आणि तो शब्द माझ्याकडे होता. मला वाटतं, त्या क्षणी तो मी बोलले असते तर तात्यांना पळवाट उरली नसती. मी खीर खाल्ली. पुढं दादाला पत्र गेलं. दादाला स्वतःचं मत कधीच नव्हतं, त्यानं वडील म्हणतील तसं असं उलट टपाली कळवलं. वहिनीच्या वडिलांनी दोन पत्रं धाडली, मग मानी माणूस, धाडायचे थांबले. दीडेक वर्षानं दादाचं पुण्याला दुसरं लग्न झालं. तोपर्यंत मी पेंडीच्या खोलीत बसायला लागले होते, पुढच्याच महिन्यापासून, कारण दुसऱ्यांदा लपवता आलं नाही. पहिल्या दिवशी ओकले. दुसऱ्या दिवशी भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी वास येईनासा झाला.

साहेब आले तेव्हा नवे बेगोनिया पुण्याहून विकत आणून लावलेले होते. साहेबांनी काचेच्या दारातून आत डोकं घातलं, फार उकडतं म्हणाले, आणि ओसरीवर बसून लिंबाचं सरबत प्यायले. जाताना बायकोसाठी पेरू घेऊन गेले.

वहिनी इंदापुरात भावाकडे राहिली. मुलींना घरी शिकवायची, पुढं शाळेत लागली. मी तिला भेटायला गेले तेव्हा माझी मुलं शाळेत जात होती. इतकी वर्षं का गेले नाही याला कारणं बरीच आहेत आणि सगळी खोटी आहेत. भर दुपारी गेले. ती सोप्यात तांदूळ निवडत बसली होती, चष्मा लागलेला, केस अर्धे पांढरे. मला ओळखलं, या म्हणाली, पाणी दिलं. मी घोट घेतला आणि सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी मी स्वतः बाहेरची होते, लपवलं होतं, म्हणून बोलले नाही. मिठाचं सांगितलं. खिरीचंही सांगितलं. मला वाटत होतं ती रडेल, किंवा झालं गेलं म्हणेल. प्रवासभर मी दोन्हीची तयारी केली होती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"लपवलं होतंस ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "पुस्तक सरळ माझ्या हातातून घेतलंस, खाली ठेव म्हणाली नाहीस. मी वाट बघत होते तू सांगशील म्हणून. मला वाटलं, दोघी बसू, वाचू." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चारच दिवस होते, वन्सं."

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तरी ती 'वन्सं' म्हणाली.

मी उठायला लागले तर तिनं बसवून घेतलं. उन्हाची वेळ आहे, उपाशी जाऊ नका. गरम भाकरी केली, वांग्याची भाजी, ताक. दाण्याची चटणी वाढायला वाकली आणि थांबली, बरणी तशीच मागं ठेवली. तिला कसं कळलं कुणास ठाऊक, कदाचित तिलाही चालत नसेल. दुसरी भाकरी वाढली, तिसरी अर्धी वाढली. मी नको म्हणाले नाही. मी पोटभर जेवले.